कोर्टात न चाललेली साक्ष : फ्रेडरिक डग्लसच्या आत्मकथेची पार्श्वभूमी

१८३६ ची गोष्ट. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या जहाजबांधणीच्या यार्डात अठरा वर्षांच्या एका गुलाम पोराला चार गोऱ्या शिकाऊ कामगारांनी मिळून मारलं, डोळा जायचाच बाकी राहिला, आणि पन्नासेक गोरे सुतार नुसते बघत उभे होते. ज्याच्या घरी तो राहायचा तो ह्यू ऑल्ड चिडून त्याला मॅजिस्ट्रेटकडे घेऊन गेला. मॅजिस्ट्रेट म्हणाला, कुणी गोरा माणूस साक्ष द्यायला आला तर बघू, नाहीतर मला काही करता येत नाही. त्या पोराने पुढे लिहून ठेवलंय की हजार काळ्या माणसांच्या देखत माझा जीव गेला असता तरी त्या सगळ्यांची साक्ष मिळूनसुद्धा एकाला अटक झाली नसती.

तो पोरगा म्हणजे पुढे गुलामगिरीविरोधी वक्ता आणि लेखक झालेला फ्रेडरिक डग्लस. हा प्रसंग त्याच्या आत्मकथेत बराच शेवटी येतो, पण मला वाटतं ते पुस्तक असं का लिहिलंय हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी. जी साक्ष कोर्टाने कधीच ऐकली नसती ती त्याने पुस्तकातून सगळ्या देशासमोर दिली.

३ सप्टेंबर १८३८ ला तो बाल्टिमोरहून पळाला, न्यूयॉर्कमार्गे उत्तरेत, जिथे गुलामगिरी नव्हती अशा न्यू बेडफर्डला पोचला आणि ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेटच्या गुलामगिरीविरोधी सभेत गोऱ्या लोकांसमोर बोलायला उभा राहिला. तिथून तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा वक्ता झाला, गावोगाव फिरायला लागला. पण तो इतका छान बोलायचा की लोकांना वाटायला लागलं हा कधी गुलाम नव्हताच, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस असा बोलेल कसा! चळवळीतलेच सहकारी त्याला सांगायचे की बोलण्यात थोडी मळ्यावरची भाषा येऊ दे, फक्त घडलं ते सांग, विचार मांडायचं आमच्याकडे सोड. हे वाचताना मला खरंच राग येतो, कारण ही त्याच्याच बाजूची माणसं होती.

मग १८४५ मध्ये बॉस्टनला पुस्तक आलं, किंमत पन्नास सेंट, आणि मुखपृष्ठावर मुद्दाम ‘स्वतः लिहिलेलं’ असं छापलेलं. त्यात त्याने मालकांची, मुकादमांची नावं, गावं, सगळं उघड दिलं. लहानपण गेलं तो कर्नल लॉइडचा मळा, पहिला मालक कॅप्टन अँथनी, गुलामांना ‘वठणीवर आणणारा’ शेतकरी कोव्ही, सगळे खरे. हा मोठा धोका होता कारण कायद्याने तो अजून ह्यूचा भाऊ थॉमस ऑल्ड याच्या मालकीचा होता आणि पुस्तकाने त्याचा पत्ताच जाहीर केला.

आता पटवून कसं देतो ते बघा. पहिल्याच पानावर जन्मगाव आहे पण जन्मतारीख नाही, घोड्याला जेवढं स्वतःचं वय माहीत असतं तेवढंच गुलामांना, असं तो शांतपणे सांगतो. आई बारा मैल चालत रात्री यायची, शेजारी झोपायची, पहाटेआधी निघून जायची, उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा भेटली. ती गेल्याचं कळलं तेव्हा परकं कुणी गेल्यासारखंच वाटलं म्हणतो, आणि पुढे एक शब्द बोलत नाही. उत्तरेतल्या कुटुंबवत्सल, चर्चला जाणाऱ्या वाचकासाठी हे लिहिलंय, रडायचं काम त्याने वाचकावर सोडलंय. त्याच वाचकाला ऐकून माहीत असायचं की गुलाम गातात म्हणजे सुखी आहेत. डग्लस सांगतो, ती गाणी दुःखाची आहेत, अश्रूंनी मन हलकं होतं तसं त्या गाण्यांनी होतं.

धर्माचंही तसंच. थॉमस ऑल्ड १८३२ मध्ये भाविक झाला आणि जास्तच क्रूर झाला, एका अपंग मुलीला फटके मारताना बायबलचं वचन म्हणायचा. शेवटच्या परिशिष्टात डग्लस स्पष्ट करतो की माझा विरोध ख्रिस्ताच्या धर्माला नाही, या देशात जो चालतो त्याला आहे. धार्मिक वाचक बिथरून पुस्तक मिटणार नाही याची ही काळजी.

हे सगळं शिकला कुठून? ह्यूच्या बायकोने, सोफिया ऑल्डने मुळाक्षरं शिकवली, नवऱ्याने थांबवलं, मग याने गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन वाचन शिकून घेतलं. बाराव्या वर्षाच्या आसपास भाषणांचं एक पाठ्यपुस्तक मिळालं, त्यात मालक आणि गुलामाचा संवाद होता ज्यात गुलाम इतका नीट युक्तिवाद करतो की मालक त्याला सोडून देतो. आपल्याकडे ज्योतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तीही संवादातच, आणि अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना.

एक गोष्ट मात्र डग्लसने सांगितली नाही, कसा पळालो ते. मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल म्हणून. खलाशाचे कागद वापरून रेल्वेने निघालो हे त्याने सविस्तर लिहिलं थेट १८८१ मध्ये.

पुस्तकाच्या सुरुवातीला गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स या चळवळीतल्या दोन गोऱ्या पुढाऱ्यांची ग्वाही आहे. म्हणजे इथेही गोरा साक्षीदार लागलाच. चार-पाच महिन्यांत पाच हजारांच्या आसपास प्रती खपल्या, पकडले जायच्या भीतीने तो आयर्लंड-इंग्लंडला गेला, तिथल्या मित्रांनी दीडशे पौंड जमवून १८४६ मध्ये त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं.

याच काळात ए. सी. सी. थॉम्पसन नावाच्या गोऱ्या माणसाने पेपरात पत्र लिहिलं की पुस्तक खोटं आहे, मी या फ्रेडरिकला कोव्हीकडे असताना ओळखत होतो, तो साधा अडाणी गुलाम होता, त्याला असं लिहिणं शक्यच नाही, आणि ज्यांची नावं घेतलीत त्या सगळ्या सभ्य माणसांना मी जवळून ओळखतो. म्हणजे तो गुलाम होता आणि ती माणसं खरी होती हे एका गोऱ्यानेच कबूल केलं; डग्लसने त्याचे जाहीर आभार मानले आणि ते पत्र आपल्या उत्तरासकट डब्लिनच्या आवृत्तीत छापून टाकलं.