नळीला चिमटा लावणे म्हणजे ब्लॅडर ट्रेनिंग नव्हे

रात्रपाळीच्या सिस्टर पुढच्या पाळीला ओव्हर देताना ‘बेड चारचे ब्लॅडर ट्रेनिंग चालू आहे’, म्हणजे मूत्राशयाला पुन्हा कामाची सवय लावणे चालू आहे, असे सांगतात, तेव्हा प्रत्यक्षात कॅथेटरला, म्हणजे मूत्राशयात घातलेल्या लघवीच्या नळीला, आर्टरी फोर्सेप हा स्टीलचा चिमटा लावलेला असतो आणि पेशंट झोपेच्या औषधांखाली असतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्या आयसीयूंमध्ये मी काम केले, तिथे सगळीकडे हे वाक्य ऐकले आहे आणि इथे नेमके शिकते आहे कोण, हा प्रश्न मला दरवेळी पडला आहे.

नळी अशी चिमट्याने बंद ठेवण्याची, म्हणजे क्लॅम्पिंगची, रीत आम्हा सर्वांनाच पाठ आहे: दोन ते चार तास नळी बंद, थोडा वेळ खुली, पुन्हा बंद, आणि शेवटी नळी आत अडकवून ठेवणाऱ्या फुग्यातले पाणी काढून नळी बाहेर. ज्याला खरोखर ब्लॅडर ट्रेनिंग म्हणतात ते ओपीडीतले काम आहे. वारंवार आणि घाईची लघवी लागणारा, पूर्ण जागा असलेला माणूस आपल्या वेळांची वही ठेवतो, तासाभरावर असलेले अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन-चार तासांपर्यंत नेतो, आणि याला काही आठवडे लागतात. त्याला नळी लावलेली नसते.

गोंधळ होतो तो ‘धरून ठेवणे’ या एका क्रियेपाशी. मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत जाते, मेंदू ‘आत्ता नको’ म्हणतो आणि झडपेचा स्नायू आवळलेला राहतो. ओपीडीतला पेशंट हे ‘आत्ता नको’ म्हणणे शिकत असतो. कॅथेटर घातलेल्या पेशंटच्या झडपेतून नळीच आरपार गेलेली असते, त्यामुळे लघवी धरून ठेवतो तो स्टीलचा चिमटा. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्या वाट्याला फक्त कळ येते आणि गुंगीत असेल तर तीही येत नाही. नातेवाइकांना आपण ‘पिशवीला सवय लावतोय’ असे सांगतो तेव्हा ते पलंगाला टांगलेल्या, लघवी जमा होणाऱ्या युरोबॅगकडे पाहतात; मराठीत दोन्हींना लघवीची पिशवीच म्हणतात, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

नळीने मूत्राशय आळशी होते, ही क्लॅम्पिंगमागची समजूत आहे. चार-सहा दिवसांच्या नळीने ते आपले काम विसरत नाही. नळी काढल्यावर लघवी अडते तेव्हा बहुधा वाढलेले प्रोस्टेट, मॉर्फिनसारखी औषधे, बद्धकोष्ठ किंवा मधुमेहाने मंदावलेल्या नसा कारण असतात, आणि चिमट्याने यातले एकही हलत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००९च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच नळी काढण्यापूर्वी क्लॅम्पिंग आवश्यक नसल्याचे म्हटले आहे.

मला सर्वाधिक चीड येते ती घड्याळाची. साठ किलोच्या पेशंटला ताशी ३० मि.ली. लघवी होत असेल तर चार तासांत १२० मि.ली. साचते, त्याच पेशंटला लघवी वाढवणारे लॅसिक्स चालू असून ताशी २०० मि.ली. होत असेल तर ८०० साचते, आणि मोठ्या माणसाचे मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मि.ली.चे. एका रात्री पाळी बदलताना चिमटा सोडायचा राहिला. ब्लड प्रेशर का चढले आणि पेशंट हातपाय का झाडतो आहे, हे आम्ही व्हेंटिलेटरवर शोधत होतो. शेवटी मावशींनी चादर ओली असल्याचे सांगितले, लघवी नळीच्या कडेने येत होती. शिवाय दर तासाची लघवी मोजण्यासाठी घातलेली नळी बंद करून आपण तीच नोंद बुडवतो.

मणक्याची दुखापत, मूत्राशयाची शस्त्रक्रिया किंवा महिनोन्‌महिन्यांची नळी असलेले पेशंट वेगळे. तिथे युरॉलॉजिस्टचे ऐकावे. मणक्याच्या पेशंटमध्ये तुंबलेल्या मूत्राशयाने ब्लड प्रेशर जीवघेणे चढू शकते.

बाकीच्यांची नळी गरज संपल्याबरोबर काढावी, आणि माझ्या मते सकाळी सहाला, म्हणजे पुढचे सहा तास लक्ष ठेवायला दिवसपाळी हजर असते. पहिल्या लघवीचे माप लिहावे. झाली नाही तर मूत्राशयात किती लघवी आहे हे दाखवणारा ब्लॅडर स्कॅन करावा आणि लघवी खूपच साचली असेल तर एकदा नळी घालून रिकामी करून लगेच काढावी.

डॉक्टरांनी सांगितलेच आणि क्लॅम्प लावावा लागला, तर निदान रजिस्टरमध्ये ‘क्लॅम्पिंग’ असे लिहावे. ‘ब्लॅडर ट्रेनिंग’ हे शब्द डिस्चार्ज समरीत उतरतात आणि पुढे ओपीडीतल्या फिजिओथेरपिस्ट पेशंटला विचारतात की, काका, अंतर किती तासांपर्यंत नेले होते. काका बायकोकडे पाहतात, कारण त्या आठवड्यातले त्यांना काहीच आठवत नसते.