मांजराच्या नाकाशी उडणारी धूळ

मांजर शी-शू करण्याआधी ट्रेमधले लिटर, म्हणजे शी-शू शोषून घेणारे मातीचे किंवा तत्सम दाणे, उकरते आणि झाल्यावर ते पुन्हा ओढून झाकते. दोन्ही वेळा त्याचे नाक त्या मातीपासून जेमतेम वीतभर अंतरावर असते, आणि असे दिवसातून अनेकदा घडते. लिटर निवडताना आपण वास, किंमत आणि ओल्या लिटरची गुठळी किती घट्ट होते हे बघतो. धुळीचा विचार बहुधा मांजर खोकायला लागल्यावर होतो. तो आधी व्हायला हवा.

अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लो यांनी शेजारणीला मांजरासाठी वाळूऐवजी मुलतानी मातीच्या जातीची दाणेदार माती दिली आणि तिथून हा धंदा उभा राहिला. गुठळी होणारे लिटर १९८० च्या दशकात आले. त्यातली माती म्हणजे बेंटोनाइट. तिच्या कणांत अतिशय पातळ थर असतात, थरांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि चिकट होते. भारतात मिळणारे बरेचसे बेंटोनाइट कच्छमधले. ज्या लाव्हाने आपला सह्याद्री घडवला, त्याच दख्खनच्या ज्वालामुखी खडकांची झीज होऊन तिथली माती तयार झाली आहे.

पिशवी ओतताना जो पांढरा ढग दिसतो, त्यातले जाड कण लगेच खाली बसतात. खरा त्रास बारीक कणांचा. दहा मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण स्थिर हवेत मीटरभर खाली यायला दोन-तीन मिनिटे घेतो, एक मायक्रॉनचा कण काही तास तरंगत राहतो. यातले सर्वांत बारीक कण नाकाच्या गाळणीतून निसटून फुप्फुसात खोलवर पोचतात. शिवाय नैसर्गिक मातीत गारगोटीचा, म्हणजे स्फटिकी सिलिकाचा, थोडाफार अंश असू शकतो. खाणी आणि कारखान्यांत वर्षानुवर्षे ही धूळ श्वासात घेणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. घरातले प्रमाण त्याच्या जवळपासही नसते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दमा असलेल्या मांजराला कोणतीही बारीक धूळ त्रास देते, आणि मांजरांमध्ये दमा काही दुर्मीळ नाही.

पिशवीवरचे ‘९९ टक्के धूळमुक्त’ वाचून निर्धास्त होऊ नका. ते प्रमाण वजनाचे धरले, तर दहा किलोंच्या पिशवीत उरलेला एक टक्का म्हणजे १०० ग्रॅम धूळ. वाहतुकीत दाणे एकमेकांवर घासून आणखी भुगा होतो तो वेगळाच. त्यापेक्षा घरी परीक्षा घ्या. खिडकीतून कवडसा येत असेल तिथे, मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवून, मूठभर लिटर हातभर उंचीवरून ट्रेमध्ये सोडा. उजेडात किती कण उडतात आणि किती वेळ रेंगाळतात ते स्पष्ट दिसते. अंधारात टॉर्चच्या झोतातही हे जमते. पिशवीच्या तळाचे लिटरही एकदा असेच तपासा, कारण भुगा तिथे साचतो.

मातीला पर्याय आहेत. सोयाबीनच्या चोथ्याचे टोफू लिटर आणि लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या यांची धूळ सहसा कमी असते. मात्र पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, वनस्पतीजन्य लिटरला बुरशी लागू शकते. पिशवी लहान घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. क्रिस्टल लिटर नाव ऐकून स्फटिकी सिलिका आठवते, पण ते सिलिका जेल असते, ज्याची रचना स्फटिकी नसते. त्याची धूळही कमी. काही मांजरांना मात्र ते टोचरे दाणे पंजाखाली नको वाटतात.

सुगंधी लिटर मी सुचवणार नाही. मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि अत्तराने तो फक्त आपल्या नाकापासून लपतो. मांजराला दोन्ही वास सोसावे लागतात. रोज दोनदा गुठळ्या काढणे हाच उपाय. झाकणाच्या पेटीत धूळ आणि अमोनिया दोन्ही कोंडतात, म्हणून उघडा ट्रे बरा. लहान पिल्ले लिटर तोंडात घालतात, त्यांना फुगणारी माती देऊ नका. नवे लिटर एकदम बदलू नका. जुन्यात थोडे थोडे मिसळत आठवडा-दहा दिवस जाऊ द्या, नाहीतर मांजर ट्रे सोडून गादीवर जाईल.

मांजर जमिनीलगत बसून, मान पुढे ताणून खोकत असेल, तर केसांचा गोळा अडकला असेल असे समजून सोडून देऊ नका. दम्याचा झटकाही असाच दिसतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून पशुवैद्यांना दाखवा आणि घरी कोणते लिटर वापरता तेही सांगा. तोंड उघडून धापा टाकत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.