खेळवणं वेगळं, खेळणं वेगळं

वावरातून आलेला बाप लेकराला उचलतो, गुदगुल्या करतो, खांद्यावर बसवून पानठेल्यापर्यंत फिरवून आणतो. हे झालं खेळवणं. चांगलंच आहे, आणि ते कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त उचलताना दोन्ही काखांत हात घाला. एका हाताला धरून लटकवलं की पाच वर्षांखालच्या लेकराच्या कोपराचं हाड जागचं सरकू शकतं. आणि फवारणी करून आलात तर आधी आंघोळ, दुसरे कपडे, मगच लेकरू. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तसलंच औषध सदऱ्यावर बसलेलं असतं.

घोळ पुढे आहे. एवढं करून बाप म्हणतो, "मी रोज पोरासोबत खेळतो." नाही. तुम्ही त्याला खेळवता.

खेळ कोणाच्या मर्जीनं चालतो, ते पाहा. खेळवताना बाप करतो आणि लेकरू हसतं. खेळताना लेकरू करतं आणि बाप त्याच्या मागे जातो. दीड वर्षाचं पोरगं टोपलीतले कांदे काढून गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकतं, गंजातले पुन्हा टोपलीत. त्याच्यासमोर मांडी घालून बसा, म्हणजे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील. बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. त्यानं कांदा दिला तर घ्या, "कांदा दिला मले" एवढंच म्हणा, आणि कांदा तळहातावर ठेवून पुन्हा थांबा. तो घेईल, फेकेल किंवा दुसरा आणेल. त्यानं काही केलं आणि समोरून जबाब आला, हे रोज पुन्हा पुन्हा घडतं तेव्हा बोलणं येतं, दम धरणं येतं, दुसऱ्याला डाव देणं येतं. गुदगुल्यांत लेकराला जबाब द्यायला जागाच नसते.

बहुतेकांचं बिघडतं ते मोजण्यात. तीनपर्यंत जात नाहीत, तोच "हे काय आहे? रंग कोणता? म्हण, कांदा!" सुरू होतं. खेळात परीक्षा घेणं मला अजिबात मान्य नाही. लेकरू खेळ सोडून बापाच्या तोंडाकडे पाहायला लागतं आणि खेळ तिथेच मोडतो.

दुसरी खोड कारागिरीची. ज्वारीच्या धांड्याची बंडी, म्हणजे खेळातली बैलगाडी, करायची तर साल काढून द्यायचं काम बापाचं, कारण सालीची धार बोट कापते. पण चार वर्षांच्या पोरीला मऊ गराच्या तुकड्यात, बापानं धार घासून दिलेली सालीची चिपटी स्वतः खोचता येते. चाक तिरपं बसलं तर तिरपं राहू द्या. बापानं अख्खी सुबक बंडी करून हातात दिली, तर ते खेळणं बनवून देणं झालं. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलाचंही तेच होतं: बक्षिसासाठी बापच सजवतो, पोरगं दोरी धरून उभं.

मोबाइल दाखवणं तर खेळवणंही नव्हे. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय.

वेळ फार लागत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांतही सकाळी पंधरा मिनिटं निघतात. लेकरानं तोंड फिरवलं, अंग ताठ केलं किंवा बकरीच्या पिलाकडे निघून गेलं, तर त्याचा खेळ संपला. त्याला ओढून परत बसवू नका, कांदे टोपलीत भरा आणि उठा.