काड्यांचा दशक केव्हा होतो?

जिल्हा परिषदेच्या शाळेविषयीची चांगली बातमी बहुधा छायाचित्रासह येते, आणि त्या छायाचित्रात रंगवलेली फरशी, बोलक्या भिंती आणि गोल करून बसलेल्या मुलांच्या मधोमध मांडलेले शैक्षणिक साहित्य हटकून असते. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर असे वर्ग गावोगाव दिसू लागले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी खेळणी, कोडी आणि चित्रपत्ते असलेला ‘जादुई पिटारा’ आणला. पाढ्यांच्या घोकंपट्टीपेक्षा हे सारे शतपटीने बरे, यात वाद नाही. मात्र अशा बातम्या वाचताना एक समजूत नकळत पक्की होत जाते, ती अशी की वस्तू मुलाच्या हातात गेली की त्या वस्तूमागची संकल्पना आपोआप त्याच्या डोक्यात जाते. तसे होत नाही. ते का होत नाही, याचे उत्तर देणारे प्रयोग बालमानसशास्त्रातील अतिशय देखण्या प्रयोगांपैकी आहेत.

ज्युडी डीलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९८७ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक खरी खोली घेतली आणि तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार केली; खोलीत जिथे कोच तिथे प्रतिकृतीत चिमुकला कोच, जिथे कपाट तिथे चिमुकले कपाट. मुलाच्या डोळ्यांसमोर एक छोटे खेळणे प्रतिकृतीतल्या कोचामागे लपवले आणि त्याला सांगितले की, अशाच मोठ्या खेळण्याला मोठ्या खोलीत याच जागी लपवले आहे, ते शोधून आण. तीन वर्षांची मुले साधारणपणे चारपैकी तीन वेळा थेट कोचामागे गेली. त्यांच्याहून जेमतेम अर्ध्या वर्षाने लहान असलेली अडीच वर्षांची मुले मात्र खोलीभर भटकत राहिली. ती विसरली होती म्हणावे, तर तसेही नव्हते. प्रतिकृतीपाशी परत आणल्यावर तिथले छोटे खेळणे त्यांनी बहुतेक वेळा बरोबर काढून दाखवले. खेळणे कुठे लपवले हे त्यांना पक्के ठाऊक होते, पण ही छोटी खोली त्या मोठ्या खोलीबद्दल काही सांगते आहे, हेच त्यांच्या लक्षात आले नव्हते.

डीलोश यांचे स्पष्टीकरण असे की, प्रतिकृतीकडे एकाच वेळी दोन प्रकारे पाहावे लागते. ती स्वतः एक वस्तू आहे, हाताळण्याजोगी आणि मोहक. आणि त्याच वेळी ती दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह आहे. लहान मुलाला या दोन्ही जाणिवा एकत्र धरून ठेवणे जड जाते आणि वस्तू जितकी मोहक, तितके तिच्यापलीकडे पाहणे अवघड होते. हे स्पष्टीकरण खरे असेल तर त्यातून काही विचित्र अनुमाने निघतात, आणि ती तपासूनही पाहिली गेली. तीन वर्षांच्या मुलांना आधी त्या प्रतिकृतीशी मनसोक्त खेळू दिले, तर त्यांची कामगिरी घसरली. उलट अडीच वर्षांच्या मुलांना ती काचेआड ठेवून, हात लावू न देता दाखवली, तर त्यांची कामगिरी सुधारली.

सर्वांत बहारदार तपासणी १९९७ मधली. डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच वर्षांच्या मुलांना एक दिवे लुकलुकणारे यंत्र दाखवले आणि हे यंत्र खोली लहान करते, असे सांगितले. मुलाने मोठ्या खोलीत खेळणे लपवताना पाहिले, मग त्याला बाहेर नेऊन यंत्र ‘चालवले’, आणि तो परत आला तेव्हा मोठ्या खोलीच्या जागी प्रतिकृती होती. या वेळी बहुतेक मुलांनी खेळणे सहज शोधले. काम तेच आणि वयही तेच होते. फरक इतकाच की, आता मुलाच्या दृष्टीने छोटी खोली हे मोठ्या खोलीचे चिन्ह उरले नव्हते. ती तीच खोली होती, फक्त आकसलेली. चिन्ह ओळखण्याचे ओझे उतरताच अडचण संपली.

पहिली-दुसरीतली मुले अडीच वर्षांची नसतात, हे खरे. परंतु ही अडचण वयाबरोबर कायमची सुटत नाही. नवे, अनोळखी चिन्ह समोर आले की ती नव्या रूपात परत येते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पैशांवरची शाब्दिक उदाहरणे सोडवताना काही मुलांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नोटा-नाणी वापरायला दिली. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्यांच्यापेक्षा या मुलांच्या चुका जास्त झाल्या. मात्र त्या चुकांमध्ये उदाहरणाचा अर्थच न कळल्यामुळे झालेल्या चुकांचा वाटा कमी होता. म्हणजे खरी वाटणारी वस्तू अर्थ लावायला मदत करते आणि त्याच वेळी आकडेमोडीवरचे लक्ष उडवते.

आता हेच आपल्या वर्गातील काड्यांच्या बाबतीत पाहू. दुसरीतल्या मुलाला ४२ वजा १७ ही उभी वजाबाकी घातली, तर ३५ हे उत्तर हमखास भेटते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढते; लहानातून मोठे वजा करायचे नसते, एवढा नियम त्याने इमानेइतबारे पाळलेला असतो. याच मुलापुढे रबरबँड लावलेले दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या ठेवून सतरा काड्या मागाव्यात. ते दोन सुट्ट्या देते, थांबते, गठ्ठ्याकडे पाहते आणि रबरबँड काढते. त्याला ‘हातचा’ कोणी शिकवलेला नसतो. गठ्ठा सोडल्यावर तीन गठ्ठे आणि बारा सुट्ट्या काड्या होतात, त्यांतून एक गठ्ठा आणि सात काड्या गेल्यावर पंचवीस उरतात, आणि हे उत्तर चुकणे जवळजवळ अशक्य असते.

पण खरी मेख पुढे आहे. काड्यांवर पंचवीस काढणारे तेच मूल पाच मिनिटांनी पाटीवर पुन्हा ३५ लिहू शकते, आणि आपण दोन वेगळी उत्तरे काढली याचे त्याला काहीच वाटत नाही. काड्यांचा खेळ ही एक खोली आणि पाटीवरचे आकडे ही दुसरी. दोहोंमधले दार त्याला दिसलेलेच नसते. ते दार दाखवण्याचे काम साहित्य करत नाही, शिक्षकाला करावे लागते, आणि तेही प्रत्येक कृतीबरोबर: गठ्ठा सोडला की त्याच क्षणी पाटीवर ४ खोडून ३ लिहायचे आणि २ च्या जागी १२ करायचे. आधी सगळा खेळ आणि नंतर सगळे लेखन असे केले की हा दुवा तुटतो. ठोस साहित्याने गणित शिकवण्यावरील ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही साहित्याचा फायदा दिसला, परंतु शिक्षकाचे मार्गदर्शन भरपूर होते तिथे तो अधिक होता. चार इयत्ता दोन शिक्षकांनी सांभाळायच्या शाळेत, एका गटापुढे काड्या ठेवून शिक्षक दुसऱ्या गटाकडे वळतात तेव्हा नेमके हेच मार्गदर्शन हरवते. हा दोष शिक्षकांचा नसून पदसंख्येच्या गणिताचा आहे.

येथे एका फोफावलेल्या धंद्याचा उल्लेख करणे भाग आहे. ‘तुमचे मूल पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे की करून शिकणारे’ हे बोटांच्या ठशांवरून सांगणाऱ्या चाचण्या आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. बोटांवरच्या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच घडतात आणि त्यांचा शिकण्याच्या रीतीशी संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही. हे संगणकाच्या कागदावर छापलेले हस्तसामुद्रिकच होय. मुळात शिकण्याच्या ‘शैली’ ही कल्पनाच डळमळीत आहे. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी त्यावरील संशोधनाची छाननी केली, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने मुले अधिक शिकतात, याला पुरेसा आधार सापडला नाही. काड्यांचा गठ्ठा सोडून पाहणे सगळ्याच मुलांच्या कामाचे आहे.

साहित्य निवडताना काय पाहावे, याचे उत्तरही याच विवेचनातून मिळते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह हे काम कोसबाडला गेले. या कामात माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरले गेले. त्यामागे परवडण्याचा आणि परिसराशी नाते जोडण्याचा विचार होता. पण साध्या वस्तूचा आणखी एक गुण आहे, तो असा की चिंचोक्यात गुंतून पडावे असे फारसे काही नसते. डोळे मिचकावणारे प्लॅस्टिकचे ससे मोजताना मूल सशांकडेच पाहत राहते, चिंचोका मात्र निमूटपणे ‘एक’ होतो. अर्थात साधेपणा पुरेसा नाही. चिंचोके मोजायला उत्तम, पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही. दशक शिकवायला काडीच हवी, कारण बांधणे आणि सोडणे हीच तर दशकाची क्रिया आहे.

या पुढचा भाग थोडा सावकाश वाचावा लागेल. गठ्ठ्यात दहापणा डोळ्यांना दिसतो, कारण आकारमानाने तो एका काडीच्या दहापट आहे. दहाच्या नोटेत तो दिसत नाही. दहाची नोट एकाच्या नाण्यापेक्षा वेगळी दिसते, एवढाच आधार उरतो, बाकी सारा करार. अंकात तर तेवढाही आधार राहत नाही, कारण २२ मधले दोन्ही दोन अगदी सारखे असतात आणि फरक केवळ जागेचा असतो. म्हणजे काडीपासून अंकापर्यंत जाताना आधी आकारमानाचा आधार सुटतो आणि मग रूपाचाही सुटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह असा जो क्रम सांगितला, त्याचे मर्म हे आधार एकेक करून सोडण्यात आहे. काड्यांवरून थेट आकड्यांवर उडी मारली, तर दोन्ही आधार एकदम निसटतात. म्हणून मध्ये गठ्ठ्याचे चित्र, मग गठ्ठ्याऐवजी एक उभी रेघ आणि सुट्ट्या काडीऐवजी एक ठिपका, असे टप्पे लागतात. मराठी मुलाला यात एक जादा वळणही घ्यावे लागते, कारण बेचाळीस म्हणताना दोन आधी येतात आणि लिहिताना चार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा त्यावर बरीच टिंगल झाली. पण ज्या अडचणीसाठी ते आणले होते, ती अडचण टिंगल करणाऱ्यांनी फारशी लक्षात घेतली नाही.

हे टप्पे नीट झाले की नाहीत, हे पाहायचे असेल तर मुलाला ‘दोनशे चार’ लिहायला सांगावे. पुष्कळ मुले २००४ लिहितात, काही २४. काड्यांच्या जगात या संख्येला अडचणच नाही. शंभराचे दोन मोठे भारे आणि चार सुट्ट्या काड्या मांडल्या की झाले. दशकाचा एकही गठ्ठा नाही, आणि नसलेली वस्तू मांडावी लागत नाही. कागदावर मात्र ती मांडावीच लागते. शून्य हाताळायला देता येईल असे कोणतेही साहित्य नाही, आणि मूल हाताने कितीही मोजत राहिले तरी ही गरज त्याला काड्यांमधून कळणार नाही. त्यासाठी फरशीवर शतक, दशक आणि एकक असे तीन चौकोन आखून, मधला रिकामा चौकोन मुलालाच वाचायला लावावा लागतो: ‘येथे किती गठ्ठे?’ आणि ‘एकही नाही’ असे उत्तर आले की त्याच चौकोनात खडूने शून्य काढून घ्यावे लागते.