अपशब्दांचा पुनःस्वीकार (एलजीबीटी समुदाय)

एखाद्या समूहाला हिणवण्यासाठी वापरला गेलेला शब्द त्याच समूहाने अभिमानाने स्वतःला लावून घेणे, याला अपशब्दाचा पुनःस्वीकार म्हणतात. ‘क्वीअर’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. मुळात ‘विचित्र’ एवढ्याच अर्थाचा हा इंग्रजी शब्द विसाव्या शतकात समलैंगिकांसाठीची शिवी बनला. एड्सची साथ आणि रस्त्यावरची मारहाण सोसणाऱ्या कार्यकर्त्यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये संघटना काढली, तिचे नावच ‘क्वीअर नेशन’ ठेवले. जर्मन ‘श्वूल’ हा शब्द तर समलिंगी पुरुषांसाठी रोजच्या वापरात रुळला. शाळकरी मुलांच्या तोंडी मात्र तो आजही शिवी म्हणून ऐकू येतो.

बाहेरच्यांनी असे शब्द वापरावेत का, हा वाद इथूनच सुरू होतो. समुदायातली व्यक्ती तो शब्द उच्चारते तेव्हा ती शिवी देणाऱ्याचेच बोल त्याच्यावर उलटवत असते, असे स्पष्टीकरण काही भाषातत्त्वज्ञ देतात. बाहेरच्याने तोच शब्द उच्चारला की हा उलटवार उरत नाही. त्याचा हेतू चांगला असला, तरी ऐकणाऱ्याला तो आधी ताडून पाहावा लागतो, आणि ज्याने त्या शब्दासोबत मार खाल्ला आहे त्याच्यावर हे ओझे टाकणे अन्यायाचे आहे. सगळ्यांनी वापरला तरच शब्दाचे विष उतरेल, असा प्रतिवाद केला जातो. ‘क्वीअर’बाबत तसे काही अंशी घडलेही, पण समुदायाने तो आधी स्वतः खुला केल्यावर. समलिंगी पुरुषांना दिली जाणारी ‘फॅगट’ ही शिवी तशी खुली झालेली नाही. शिवाय ‘क्वीअर’ ऐकून आजही अंगावर काटा येणारी वयस्क माणसे समुदायातच आहेत. एका मित्राने दिलेली मुभा त्यांच्या वतीने दिलेली नसते. बातमीत वा अभ्यासात शब्द उद्धृत करणे ही गोष्ट वेगळी. तिथे तो कुणाला उद्देशून म्हटलेला नसतो.

‘डाइक’ ही समलिंगी स्त्रियांना दिली जाणारी शिवी. सॅन फ्रान्सिस्कोतील मोटारसायकलस्वार स्त्रियांच्या ‘डाइक्स ऑन बाइक्स’ या नावाला अमेरिकी व्यापारचिन्ह कार्यालयाने ते अपमानकारक ठरवून आधी नोंदणी नाकारली होती. आपल्या तोंडी ही शिवी नाही, हे त्या स्त्रियांना तज्ज्ञांच्या निवेदनांसह पटवून द्यावे लागले, तेव्हा कुठे निर्णय फिरला.

‘बाहेरचा’ कोण, हेही सरळ नाही. ट्रान्स व्यक्तींना हिणवणाऱ्या ‘ट्रॅनी’ या शब्दावर काही समलिंगी ड्रॅग कलाकारांनी (स्त्रीवेशात रंगमंचावर सादरीकरण करणाऱ्या पुरुषांनी) हक्क सांगितला, तेव्हा अनेक ट्रान्स स्त्रियांनी (जन्मावेळी पुरुष ठरवल्या गेलेल्या स्त्रियांनी) त्याला आक्षेप घेतला: ही शिवी रस्त्यावर आम्हाला दिली जाते, म्हणून ती परत घ्यायची की नाही हे आम्ही ठरवू.