जागतिक खाण कंपनीचे वार्षिक उत्पादन

एका वर्षात कंपनीच्या खाणी, शुद्धीकरण कारखाने आणि भट्ट्या यांतून तयार झालेल्या विक्रीयोग्य धातूंचा व खनिजांचा हिशेब म्हणजे तिचे वार्षिक उत्पादन. रिओ टिंटो, बीएचपी, व्हाले, ग्लेनकोर, अँग्लो अमेरिकन अशा अनेक देशांत खाणी असणाऱ्या कंपन्या हा हिशेब दर तिमाहीला प्रसिद्ध करतात आणि शेवटच्या तिमाहीबरोबर वर्षाची बेरीज देतात. जमिनीतून एकूण किती दगड उपसला हे या आकड्यातून कळत नाही, आणि किती पैसा मिळाला हेही कळत नाही. खडक फोडल्यापासून माल जहाजात चढेपर्यंतच्या वाटेवर कोठेतरी एका टप्प्यावर मोजणी होते, आणि तो टप्पा प्रत्येक खनिजासाठी निराळा असतो. म्हणून मोजणी कोठे झाली, ती कोणाच्या वाट्याची आहे आणि वजनात पाणी धरले आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

हिशेबाचे वर्षही सर्वत्र एक नाही. रिओ टिंटो आणि व्हाले यांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. बीएचपीचे जुलै ते जून.

मोजणी कोठे होते

लोहखनिजाचा हिशेब त्यातल्या त्यात सरळ आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा प्रदेशातून निर्यात होणाऱ्या खनिजात साधारण ६० टक्क्यांच्या आसपास लोह असते. ते फोडायचे, चाळायचे, निरनिराळ्या खाणींतला माल मिसळून प्रत सारखी ठेवायची आणि आगगाडीने बंदरावर न्यायचे, एवढ्यावर बहुतेक मालाचे काम भागते. त्यामुळे येथे मोजतात ते खनिजाचे पूर्ण वजन. लोहाबरोबरचा ऑक्सिजन, सिलिका, ॲल्युमिना हे सारे त्यात आले. रिओ टिंटोने २०२४ मध्ये पिलबरातून ३२.८६ कोटी टन लोहखनिज रवाना केले, ते या अर्थाने.

या वजनात पाणीही असते. बीएचपी आपल्या लोहखनिजाचे आकडे ओल्या टनांत देते आणि तसे नमूदही करते. खनिजात ७-८ टक्के ओलावा धरला, तर ३० कोटी ओल्या टनांतले दोन कोटींहून अधिक टन निव्वळ पाणी निघते. बाजारातला भाव मात्र कोरड्या टनाचा असतो. दोन कंपन्यांची आकडेवारी शेजारी ठेवताना एवढी एक गोष्ट नजरेआड झाली, तरी क्रमवारी बदलू शकते.

तांब्याची रीत याच्या अगदी उलट. येथे धातुकाचे, म्हणजे ज्या खडकातून धातू काढतात त्याचे, वजन कोणी विचारत नाही, त्यातल्या धातूचे विचारतात. मोठ्या उघड्या खाणींतल्या धातुकात तांबे बऱ्याचदा एक टक्क्याच्याही आत असते. प्रमाण अर्धा टक्का असेल तर एक टन तांब्यासाठी दोनशे टनांहून अधिक धातुक दळावे लागते, कारण दळलेल्यातले सगळे तांबे हाती येत नाही. शिवाय धातुकापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा टाकाऊ खडक काढावा लागतो, तो निराळाच. दळलेली भुकटी पाण्यात घालून फेसाबरोबर तांब्याची खनिजे वर तरंगवली जातात आणि २५ ते ३० टक्के तांबे असलेला सांद्र तयार होतो. अहवालात 'खाणीतील तांबे' या शीर्षकाखाली या सांद्रातल्या धातूचे वजन येते. तोच सांद्र भट्टीत वितळवून व विद्युत् पद्धतीने शुद्ध करून जे तांबे निघते, ते 'शुद्ध तांबे' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवतात. या दोन ओळींची बेरीज केली की एकच धातू दोनदा मोजला जातो. काही धातुकांवर सौम्य आम्ल सोडून तांबे विरघळवतात आणि त्या द्रावणातून थेट शुद्ध पत्रे मिळवतात. तेथे खाण आणि कारखाना असा भेद राहत नाही.

ॲल्युमिनियमला तीन ओळी लागतात: बॉक्साइट (धातुक), ॲल्युमिना (त्यापासून शुद्ध केलेली ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी) आणि धातू. ढोबळ प्रमाण असे, की चार ते पाच टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन ॲल्युमिनियम. रिओ टिंटोचे २०२४ चे आकडे ५.८७ कोटी टन बॉक्साइट, ७३ लाख टन ॲल्युमिना आणि ३३ लाख टन ॲल्युमिनियम असे आहेत. तेहतीस लाख टन धातूला दीड कोटी टनांच्या आसपास बॉक्साइट पुरते. उरलेल्याचे काय, याचे उत्तर उत्पादनाच्या तक्त्यात शोधून उपयोग नाही. कंपनी बॉक्साइटचा मोठा भाग इतरांना विकते, हे विक्रीच्या तपशिलात कळते. साखळीचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे मोजला जातो आणि कोणताही टप्पा दुसऱ्यातून वजा केला जात नाही.

सोने आणि चांदी ट्रॉय औंसांत मोजतात (एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम), हिरे कॅरटमध्ये (एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम). तांब्याच्या खाणीत सोने, चांदी, मॉलिब्डेनम हे जोडीने निघतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅम येथे तर तांब्याबरोबर युरेनियमही मिळते.

कोणाचा वाटा

अनेक मोठ्या खाणी एकाहून अधिक मालकांच्या असतात, आणि वाचकाची सर्वाधिक फसगत येथेच होते. चिलीतील अटाकामा वाळवंटातली एस्कोन्दिदा ही जगातील सर्वांत मोठी तांब्याची खाण घ्या. तिच्यात बीएचपीचा ५७.५ टक्के, रिओ टिंटोचा ३० टक्के आणि जपानी भागीदारांचा १२.५ टक्के हिस्सा आहे. खाण बीएचपी चालवते, म्हणून ती आपल्या अहवालात एस्कोन्दिदाचे शंभर टक्के तांबे धरते. रिओ टिंटो आपले ३० टक्के धरते. दोन्ही कंपन्यांचे तांबे एकत्र करणाऱ्याने ते ३० टक्के दोनदा मोजलेले असतात.

एकाच कंपनीच्या एकाच आकड्यातही दोन पद्धती नांदतात. रिओ टिंटोने २०२४ साठी खाणीतील तांबे सुमारे ६.९७ लाख टन दाखवले. त्यात एस्कोन्दिदाचा फक्त आपला वाटा आहे; पण मंगोलियातील ओयू टोलगोय खाणीचे सगळे तांबे आहे, जरी तेथे ३४ टक्के मालकी मंगोलियाच्या सरकारची आहे. हे नियमबाह्य नाही. नियंत्रण ज्याचे, त्याने संपूर्ण खाण आपल्या हिशेबात घ्यावी, या लेखापद्धतीच्या तत्त्वातून ते आले आहे. तरीही 'कंपनीचे तांबे' म्हणताना नेमके कोणाचे तांबे, हे तळटिपेतच सापडते. अशा अहवालांत मुख्य मजकुराइतकेच लक्ष तळटिपांकडे द्यावे, असे या नोंदीचे आग्रहाचे सांगणे आहे.

बीएचपी लोहखनिजाबाबत दोन्ही आकडे देते. जून २०२४ ला संपलेल्या वर्षात तिच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील खाणींतून भागीदारांसह २८.७ कोटी टन निघाले. कंपनीचा स्वतःचा एकूण वाटा, ब्राझीलमधील सामार्को या खाण कंपनीतला हिस्सा धरून, २६ कोटी टन होता. बातम्यांत कधी एक आकडा येतो, कधी दुसरा.

जगातला सर्वांत मोठा लोहखनिज उत्पादक कोण, या नेहमीच्या प्रश्नाची अडचण यातूनच उभी राहते. २०२४ मध्ये व्हालेचे उत्पादन सुमारे ३२.८ कोटी टन होते आणि पिलबरातील रिओ टिंटोचेही तेवढेच. व्हाले इतरांकडून विकत घेतलेले खनिजही आपल्या बेरजेत धरते. रिओ टिंटोच्या पिलबराच्या आकड्यात भागीदारांचा वाटा असतो, उदाहरणार्थ होप डाउन्स खाणीतला हॅन्कॉक प्रॉस्पेक्टिंगचा निम्मा हिस्सा. उलट कॅनडातले लोहखनिज त्यात नसते. शिवाय ब्राझीलच्या कराजास खाणींतल्या खनिजात सुमारे ६५ टक्के लोह असते, म्हणजे तेवढ्याच टनांत धातू अधिक. पहिला क्रमांक कोणाचा हे व्याख्येवर ठरते.

तांब्याच्या मापात सारे

लोहखनिजाचे कोटी टन आणि तांब्याचे लाख टन यांची थेट बेरीज निरर्थक आहे. २०२४ मध्ये तांब्याचा भाव टनाला सुमारे ९,००० डॉलर होता, लोहखनिजाचा सुमारे १०० डॉलर. म्हणून कंपन्या 'तांबे-समतुल्य' असे एक माप वापरतात: प्रत्येक खनिजाच्या उत्पादनाला ठरावीक भावाने गुणून त्या रकमेत किती तांबे आले असते ते काढायचे. एकाच कंपनीची दोन वर्षे जोखायला ते उपयोगी आहे, कारण भाव स्थिर धरलेला असतो. दोन कंपन्यांमध्ये मात्र ते जपून वापरावे. आधाराचे भाव सारखे असतीलच असे नाही.

आकडा का हलतो

वर्षाच्या आरंभी कंपनी अंदाजाची एक कमाल-किमान मर्यादा जाहीर करते. पिलबरासाठी २०२४ ची मर्यादा ३२.३ ते ३३.८ कोटी टन होती. अंदाज चुकला की शेअरचा भाव हलतो, त्यामुळे बाजार वर्षभर या मर्यादेकडे डोळे लावून असतो. पिलबरात चूक होण्याचे नेहमीचे कारण चक्रीवादळ. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथला वादळांचा हंगाम. वादळ आले की जहाजे बंदर सोडून खुल्या समुद्रात जातात, रूळ पाण्याखाली जातात, खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचते. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत चार वादळांमुळे रिओ टिंटोची सुमारे १.३ कोटी टनांची रवानगी चुकली.

काही घट एका दिवसात होते. १० एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील यूटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीची एक बाजू प्रचंड प्रमाणात कोसळली. उताराची हालचाल उपकरणांनी आधीच टिपली होती, खाण रिकामी केली होती, आणि कोणालाही इजा झाली नाही. तांब्याचे उत्पादन मात्र दीर्घकाळ विस्कळीत राहिले. उत्पादनाच्या तक्त्यात त्या वर्षी घसरण दिसते. माणसे वाचली हे त्या तक्त्यात दिसत नाही.

हळू होणारी घट अधिक खोल असते. खाण जुनी होते तसे चांगले धातुक संपत जाते, प्रत उतरते, आणि तेवढेच तांबे काढायला दरवर्षी अधिक खडक दळावा लागतो. गिरणी पूर्ण क्षमतेने चालूनही उत्पादन घसरू शकते. शेवटी खाण बंदच होते. गुलाबी हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली पश्चिम ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाण नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये सुमारे १.७ कोटी कॅरट असलेले रिओ टिंटोचे हिऱ्यांचे उत्पादन २०२१ मध्ये ४० लाखांच्या आत आले.

खरेदी-विक्रीनेही ओळी येतात-जातात. रिओ टिंटोने २०१८ मध्ये शेवटच्या कोळसा खाणी विकल्या आणि कोळशाची ओळ संपली. बीएचपीने २०२२ मध्ये तेल-वायूचा व्यवसाय वुडसाइड कंपनीत विलीन केला. वर्षावर्षांची तुलना करताना कंपनी तीच राहिली आहे का, हे विचारायला हवे.

तक्त्याबाहेर राहणारे

टाकाऊ खडक आणि दळून उरलेला गाळ हे वजनाने उत्पादनाच्या कितीतरी पट असतात, पण या तक्त्यात त्यांना ओळ नसते. हा गाळ धरणासारख्या बांधांमागे साठवतात. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो येथे व्हालेचा असा बांध फुटला आणि २७० माणसे गेली, त्यांतील बहुतेक कंपनीचे कामगार व कंत्राटी मजूर. त्यानंतर अनेक बांध व खाणींचे काम थांबवावे लागले. २०१८ मध्ये ३८.५ कोटी टन असलेले व्हालेचे लोहखनिज उत्पादन २०१९ मध्ये ३०.२ कोटी टनांवर आले आणि जगातला लोहखनिजाचा भाव टनाला शंभर डॉलरच्या वर गेला. बाजारापुरता त्या मृत्यूंचा अर्थ पुरवठ्यातली घट एवढाच उरला, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गाळ-बांधांसाठी जागतिक मानक जाहीर झाले. त्यामागे संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, खाण उद्योगाची परिषद आणि गुंतवणूकदारांचे व्यासपीठ होते.

मे २०२० मध्ये रिओ टिंटोने पिलबरातील जूकन गॉर्ज येथील शैलाश्रय सुरुंगांनी उडवले. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांची ती पवित्र जागा, आणि तेथे ४६ हजार वर्षांपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय चौकशीत पुढे आले, की खाणीचा हा विस्तार सुमारे ८० लाख टन उच्च प्रतीच्या लोहखनिजासाठी निवडला होता. पिलबराच्या त्या वर्षीच्या गतीने हे जेमतेम नऊ दिवसांचे उत्पादन. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तीन वरिष्ठांना पायउतार व्हावे लागले.

उत्पादन आणि साठे

काढलेला प्रत्येक टन साठ्यातून वजा होतो. म्हणून उत्पादनाबरोबर वर्षाअखेरीस साठ्यांचे विवरण येते. साठे किती आहेत हे सांगण्याचे नियम कडक आहेत. ऑस्ट्रेलियात अशा नियमांची जॉर्क संहिता १९८९ पासून आहे. इंडोनेशियातील बुसांग येथे प्रचंड सोने असल्याचा ब्रे-एक्स कंपनीचा दावा १९९७ मध्ये खोटा ठरला. खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये स्वतःचे नियम लागू केले. या नियमांनुसार साठ्याचा अंदाज पात्र तज्ज्ञाने नाव देऊन करावा लागतो.

तक्त्यात नव्या ओळी येतच असतात. मार्च २०२५ मध्ये रिओ टिंटोने आर्केडियम लिथियम ही कंपनी विकत घेतली आणि अर्जेंटिनातील खारपाण्यापासून मिळणारे लिथियम रिओ टिंटोच्या हिशेबात आले. ते धातूच्या वजनात मोजत नाहीत; लिथियम कार्बोनेटच्या समतुल्य वजनात मोजतात, आणि एक टन लिथियमचे त्या मापात सुमारे ५.३ टन होतात.