उलटीची गोळी घेतल्यावर श्वास अडकल्यासारखा वाटला तर (आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

"मागच्या वेळची ती बारकी पांढरी गोळी द्या." आमच्या काउंटरवर हे वाक्य रोज येतं. कोणी उलटीची म्हणतं, कोणी मळमळीची, कोणी वांतीची, कोणी गाडी लागायची. बारक्या पांढऱ्या म्हणाव्यात अशा पाच-सहा गोळ्या आमच्या कपाटात आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे, त्रासही वेगळा. अलीकडे दुसरा एक प्रश्न फोनवर वारंवार येतो: "गोळी घेतली आणि दम कोंडल्यागत होतंय, काय करू?"

आत्ता या क्षणी घरात कोणाला असं होत असेल तर बाकीचं नंतर वाचा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घेताना घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, एक वाक्य बोलायला दम पुरत नाही, माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. दुकानात येऊ नका, आमच्या फोनचीही वाट बघू नका. शुद्धीवर असेल तर बसवून न्या, गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. दुसरी गोळी देऊ नका. आणि निघताना गोळीचं पाकीट खिशात घाला.

हे शेवटचं सगळेच विसरतात. त्यासाठीच हे पत्रक छापलं.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कुठली गोळी घेतली?" उत्तर येतं, "उलटीची." मग तिथून आम्हाला फोन, आम्ही बिल हुडकायचं, त्यात बिल घेतलेलंच नसतं. एका रात्री शटर ओढताना असाच फोन आला. मुलीची मान एका बाजूला ओढली गेली होती, जबडा आवळलेला, आणि घरात गोळीचा रिकामा चौकोन तेवढा सापडला, नावाचा भाग आधीच कापून फेकलेला. नाव कळेपर्यंत अर्धा तास गेला. मुलगी बरी झाली, पण तो अर्धा तास अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

नावाला इतकं महत्त्व का, ते सांगतो. "श्वासाचा त्रास" हा एकच शब्द असला तरी उलटीच्या औषधांनी तो तीन तऱ्हांनी होऊ शकतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

त्या मुलीला झालं ते मेटोक्लोप्रमाइडने. पेरिनॉर्म म्हणून आपल्याकडे ओळखतात ती. ही गोळी मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाला अडवून उलटी थांबवते. पण स्नायूंच्या हालचालींवर ताबाही तेच डोपामिन ठेवतं. म्हणून एखाद्याची मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जीभ बाहेर येते, आणि क्वचित हाच आवळ घशातल्या स्वरयंत्राला बसून श्वास अडतो. लहान मुलं आणि तरुण मुलींमध्ये हे जास्त दिसतं, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. हे बघून घरचे बाहेरची बाधा समजतात आणि भलत्या दारात नेतात. तसं करू नका, दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळालं की बहुतेकदा थोड्या मिनिटांत मान सरळ होते. युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये या औषधाला मर्यादा घातल्या: एक वर्षाखालच्या बाळाला नाही, मोठ्यांना दिवसाला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि सलग 5 दिवसांपुरतंच. चक्करेसाठी दिली जाणारी स्टेमेटिलही असाच आवळ आणू शकते. या दोन्ही गोळ्यांनी काहींना नुसतीच तगमग होते, एका जागी बसवत नाही, जीव घाबरा होतो. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी तऱ्हा अव्होमिनची, म्हणजे प्रोमेथाझिनची. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाला लागण्याआधी आमच्याकडून हीच सगळ्यात जास्त जाते, आणि मोठ्या माणसाने एकट्याने घेतली तर सहसा झोपेपलीकडे काही होत नाही. घात होतो तो दुसऱ्या गुंगीच्या वस्तूबरोबर घेतल्यावर: दारू, झोपेची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल. तेव्हा श्वास मंद आणि उथळ होत जातो आणि बरोबरच्यांना वाटतं, गाढ झोपलाय. गोव्याहून परतताना मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाला मधूनमधून हाक मारून बघा. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन देऊच नये. श्वास थांबून बाळं दगावल्यामुळे 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तशी सर्वांत कडक सूचना त्या औषधावर छापायला लावली. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. वाटेत जांबोटीत मळमळलं म्हणून पुढे कणकुंबीला दुसरी, असं करू नका. गाडी चालवणाऱ्याने तर घेऊच नये.

तिसरी ॲलर्जी. ती कुठल्याही औषधाची येऊ शकते, एरवी डोकेदुखी आणि बद्धकोष्ठापलीकडे फारसा त्रास न देणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीचीही. अंगावर गांध्या, ओठांना सूज, छातीत सूं-सूं, तेही बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात. इथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते जितकं लवकर तितकं बरं.

आता बघा, पहिल्या तऱ्हेत आवळ सोडवायला डॉक्टर जी इंजेक्शनं वापरतात त्यांत प्रोमेथाझिनही आहे. दुसऱ्या तऱ्हेत त्रास त्याच प्रोमेथाझिनचा असतो. नावाशिवाय डॉक्टरांनी काय करायचं?

म्हणून गोळी नाव आणि मुदत छापलेल्या टोकाच्या उलट्या बाजूने काढायला सुरुवात करा. आम्ही पाकीट कापून देतो तेव्हा तुमच्या तुकड्यावर नाव नसेल तर छोट्या लिफाफ्यावर औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख मराठीत लिहून देतो. सांगितलंत तर कन्नडमध्येही, कारण बेळगावात नेल्यावर समोरच्या सिस्टरना ते पटकन वाचता आलं पाहिजे. याला दोन मिनिटं लागतात आणि मागे उभ्या असलेल्यांची कुरकुर होते, ती आम्ही ऐकून घेतो. चिठ्ठीशिवाय यातल्या बऱ्याच गोळ्या आम्ही देत नाही. "पलीकडे तर देतात" हे रोज ऐकतो. कायदा तसा आहेच, पण माणूस आणखी कुठल्या गोळ्या घेतोय हे चिठ्ठीवरूनच कळतं. चंदगडच्या डॉक्टरांची एक गोळी आणि इथल्या डॉक्टरांची दुसरी, नावं वेगळी आणि आतलं औषध एकच, असं आम्ही कितीदा तरी पकडलंय. ॲसिडिटीच्या पॅन-डीमध्ये उलटीचं डॉम्पेरिडोन आधीच असतं, हेही अनेकांना माहीत नसतं. ते दुप्पट झालं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो.

आणि एक. उलटी आणि दम दोन्ही गोळी घेण्याआधीपासूनच असतील तर दोष गोळीचा नाही आणि इलाजही गोळीत नाही. ऊस किंवा तंबाखूवर फवारणी करून आल्यावर उलट्या, तोंडाला लाळ, धाप असेल तर ती विषबाधा समजा, फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन थेट मोठा दवाखाना गाठा. साखरेच्या पेशंटला उलट्यांबरोबर खोल, भरभर श्वास लागला किंवा वयस्कर माणसाला मळमळ, घाम आणि छातीत दडपण आलं, तर तिथेही आम्ही गोळी देणार नाही. त्यावर रागावू नका.

घरच्या डब्यात नाव नसलेल्या सुट्ट्या गोळ्या पडल्या असतील तर डबाच घेऊन या, जुन्या चिठ्ठ्यांसकट. दुपारी तीन ते पाच गर्दी कमी असते. बसून निवडून देतो, ओळखू न येणाऱ्या काढून टाकतो, उरलेल्या लिफाफ्यात घालून नाव लिहितो. याचे पैसे घेत नाही, आणि औषध आमच्याकडूनच घेतलेलं असावं असंही नाही.